पेटीतला नारळ

मतदार स्मरण कायदा लोकशाही बळकट व्हावी म्हणून झाला, असं आता शाळेच्या पुस्तकात छापतात. छापू देत. त्या कायद्याच्या मसुदा समितीवर मी होते आणि त्यातलं कलम अकरा माझ्या हातचं आहे. ते मी एका माणसावर सूड उगवण्यासाठी लिहिलं. त्या माणसाचं नाव हरेश्वर वैती, वारेखाडी बंदराचा आमदार.

मी रेवती नाखवा. वासांचा अभ्यास करते, त्यात डॉक्टरेट आहे. माझी धाकटी बहीण हेमांगी, आमची हेमू, वैतीशेठच्या मेव्हण्याच्या कारखान्यात कोळंबी सोलायची. मी तिला शहरात बोलावत होते. ती म्हणायची, "तू शिकलीस, तू वास घे. मी कोळंबी सोलतंय, आयजवळ रहातंय."

नारळी पौर्णिमेला आमच्या बंदरात कोणी कामाला जात नाही. सोनेरी कागद लावलेला नारळ वाजतगाजत जेट्टीवर नेतात आणि समुद्राला देतात. तो बघायला बाया हातातलं काम टाकून धावतात. त्या वर्षी परदेशी जायचा माल अडला होता, म्हणून कारखान्याने बायांना जास्त मजुरी देऊन बोलावलं. मिरवणुकीचा बाजा ऐकला की त्या पळणार, हे मुकादमाला पक्कं ठाऊक. त्याने शेडच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं.

संध्याकाळी यंत्रघरातल्या नळीचा सांधा सुटला. मासळी गोठवायला तिथे अमोनिया फिरवतात. शेडची पुढची वाट यंत्रघरातूनच जात होती, त्यामुळे राहिलं ते मागचं दार. ते वेळेवर उघडलं असतं तर सगळ्या वाचल्या असत्या. नऊ बाया गेल्या. हेमू त्यांत होती.

चौकशी झाली. किल्ली मुकादमाच्या हातून हरवली, असं ठरलं. पण कारखान्याचा वॉचमन मला स्मशानात बाजूला घेऊन म्हणाला होता, "ताई, किल्ली होती हो. वरून नको म्हणाले." आठवडाभरात तो माणूस आखातात नोकरीला गेला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मागच्या दारासमोरच्याच रस्त्याने मंत्र्यांसह मिरवणूक जायची होती. दार उघडलं असतं तर वायू त्या गर्दीत गेला असता, बोभाटा झाला असता. 'नको' म्हणण्याइतका वरचा माणूस एकच होता. त्याने मात्र शपथेवर सांगितलं की तो देवळापासून जेट्टीपर्यंत मिरवणुकीतच होता, कारखान्याकडे फिरकलाही नाही. माझ्याकडे पुरावा नव्हता. राग होता, भरपूर.

तीन वर्षांत बंदर सगळं विसरलं. नाक्यानाक्यावर वैतीशेठचे हात जोडलेले फलक लागले. वारेखाडीचे लोक वाईट नाहीत. माणसाचा मेंदूच असा आहे. मतदार पाच वर्षांचा हिशेब म्हणून मत देतो असं आपण समजतो, प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात शेवटचे काही महिने असतात. म्हणून तर रस्त्यावर डांबर पडतं ते निवडणुकीच्या तोंडावर.

यावर उपाय माझ्या विषयात होता. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवर थांबतं, तिथून त्याची पाठवणी होते. वास थांबत नाही. तो नाकातून थेट भावनांच्या आणि आठवणींच्या कप्प्यात शिरतो. म्हणून जुनी ट्रंक उघडली की एखाद्याला भरल्या डोळ्यांनी आजोळ आठवतं, आणि का ते सांगता येत नाही. आम्ही प्रयोगशाळेत एक पेटी बनवली. एखाद्या दिवसाचा वास तिच्यात रेणूंनी जुळवायचा, काही क्षण सोडायचा. आठवण मागून मिळत नाही आणि टाळूनही टळत नाही. ती येते, अंगासकट येते. आलेल्या आठवणीत खोटं घुसत नाही ना, हे आम्ही शेकडो माणसांवर तपासलं होतं.

कायदा सोपा होता. मत देण्यापूर्वी प्रत्येक मतदाराने स्मरणकक्षात उभं राहायचं. मतदारसंघात त्या पाच वर्षांत जी सर्वांत मोठी सार्वजनिक घटना घडली, तिचा पूर्ण गंध पेटीतून सुटेल. कोणतं चिन्ह नाही, भाषण नाही. नंतर मतदार बटण दाबायला मोकळा. गंधाच्या यादीवर सगळ्या उमेदवारांची संमती हवी. आणि माझं कलम अकरा: निवडून आलेल्याने शपथ घेण्यापूर्वी मतदारसंघात, लोकांसमोर उघड्या कक्षात तोच पूर्ण गंध घ्यावा, आणि काय आठवलं ते एका वाक्यात सांगावं. नकार दिल्यास जागा रिकामी.

समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "नाखवाबाई, निवडून आल्यावर त्याला वास देऊन काय मिळणार?"

"जबाबदारीची जाणीव," मी म्हणाले.

इतका गुळगुळीत शब्द माझ्या तोंडून निघाला आणि कोणाला संशयसुद्धा आला नाही. वैती पडेल याची मला खात्री होती, पण समजा निवडून आलाच, तर त्याने नऊ बायांचा वास छातीत भरूनच शपथ घ्यावी, एवढी माझी इच्छा होती. कलम बिनविरोध मंजूर झालं.

*

वारेखाडीचा गंध मीच जुळवला. सोबत होती अनुपमा देशकर, अकोल्याची, समुद्राशी जिचा संबंध फक्त सहलीपुरता.

"अमोनिया टाक, कोळंबी टाक, ओला बर्फ टाक. झालं," ती म्हणाली. "हे बाकीचं काय लिहिलंस? ओला नारळ, गूळ, वेलची, तेलात तळलेली पारी?"

"करंज्या. त्या दिवशी घरोघरी करंज्या असतात."

"असतील. लोकांना कारखाना आठवायला हवाय ना? मग अमोनिया पुरे."

"अनू, आय हेमूसाठी करंज्या तळत होती. मी शहरातून पोचले तेव्हा परात भरलेली तशीच होती. त्या वासात मी तिचा देह ओळखायला गेले. नारळाशिवाय तो दिवस होतच नाही."

अनुपमाने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाद घातला नाही. घालायला हवा होता. परगावच्या माणसाने ती पेटी अमोनियावर भागवली असती. मी वारेखाडीची, मला नारळ वगळणं जमलं नाही.

त्या मिश्रणाची एक गंमत होती. अमोनिया हलका, तो आधी नाकाशी येतो. नारळाचे रेणू जड, ते मागून सावकाश येतात. नाक चुरचुरेल इतपतच अमोनिया ठेवला होता, आणि तो विरता विरता करंजी.

संमतीच्या बैठकीला वैतीशेठ स्वतः आला नाही, त्याचा निवडणूक प्रतिनिधी आला. त्याने पेटी हुंगली, अमोनियाला नाक मुरडलं, आणि मग त्याचा चेहरा खुलला. "करंज्या! वा, मॅडम. आमची काही हरकत नाही. शेठ म्हणालेत, लोकांना खरं ते आठवू दे." त्याने ऐटीत सही ठोकली. मी मनात म्हटलं, करा सही. तुमच्याच हाताने करा.

*

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या केंद्राबाहेर थांबले होते. वैती स्वतः तिथे येणार नव्हताच. शहरात फ्लॅट घेतल्यापासून त्याचं नाव तिकडच्या यादीत होतं. लोक आत जाताना हसतखेळत जात होते. मला त्यांना बाहेर येताना बघायचं होतं, संतापलेले, दातओठ खात.

पहिली बाहेर आली ती डोळे पुसत. मी सुखावले. दुसराही डोळे पुसत आला, पण तो हसत होता. तिसरी म्हातारी बाहेर येऊन सुनेला म्हणाली, "गो, माजा बापूस दिसला मना. खांद्यावर घेतलं व्हतं त्यानं, नारळ बघायला." मग सगळे तसेच येऊ लागले, लग्नघरातून निघावेत तसे. आत जाऊन त्यांना ती एक संध्याकाळ भेटत नव्हती. आयुष्यभराच्या सगळ्या नारळी पौर्णिमा भेटत होत्या. आणि गेली वीस वर्षं त्या प्रत्येक पौर्णिमेला सोन्याचा नारळ हातात धरून पुढे कोण चालत होतं? हरेश्वर वैती.

करंजीचा वास फक्त मला मरणाचा येत होता. माझं शोकघर मी सगळ्या बंदराचं समजून बसले होते. स्वतःच्या हाताने पेटी बनवून मी त्या माणसाचा प्रचार केला होता.

मग आय बाहेर आली. चार वर्षांत तिने करंजीला हात लावला नव्हता, घरात नारळ फोडला नव्हता. आज तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"रेवा," तिने माझे दोन्ही हात धरले, "तुझ्या पेटीनं मना माजी हेमू परत दिली गो. एवढीशी. सारण चोरून खात व्हती, गालाला गूळ लागलेला."

ती सांगतच राहिली, "आन् त्या सांजचं पन आठवलं सगलं. पहिली करंजी शेटच्या हातावर ठेवली मी. गरम गरम. घाईत व्हता, पन देवाचा नारळ नेणारा मानूस, त्याला नाय कसं म्हनायचं? 'हेमू कुठं हाय, काकी' असं इचारलं त्यानं..."

"तू मत कोणाला दिलंस?" मी मध्येच विचारलं.

आयने पदर सारखा केला.

"आय, कोणाला?"

"त्यालाच. काय केलं त्यानं गो? किल्ली तर मुकादमानं हरवली. वॉचमनचं तू सांगतंस, पन कोनी बघितलं शेटला तिथं? शेट बाराव्याला येऊन बसला व्हता माज्याजवल."

"तुझ्या मुलीच्या मारेकऱ्याला मत दिलंस," मी म्हणाले. आजूबाजूचे वळून बघायला लागले तरी मी थांबले नाही. "त्याला करंजी खाऊ घातलीस आणि वर मत दिलंस. आजपासून मला मुलगी म्हणू नकोस."

तिने माझे हात सोडले. तिचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं. राग इतका होता की अर्ध्या वाक्यात काय आहे हे मला ऐकूच आलं नाही. वासांवर ग्रंथ लिहिणारी मी, समोर आलेली आठवण मला वाचता आली नाही.

हरेश्वर वैती पूर्वीच्या दुप्पट मताधिक्याने निवडून आला. त्याने मला पेढ्यांचा बॉक्स पाठवला. मी तो अनुपमाच्या देखत कचऱ्यात टाकला आणि म्हणाले, "अजून कलम अकरा आहे."

"त्याने काय होणार, रेवती? त्यालाही करंज्याच आठवतील. हसत बाहेर येईल आणि शपथ घेईल."

तिचं खरं होतं. तरी मला तो पेटीसमोर उभा असलेला बघायचाच होता. उरलेलं तेवढंच होतं.

*

शपथेआधीचा स्मरणविधी बंदराच्या मैदानावर होता. मंडप, खुर्च्या, थेट प्रक्षेपण. मंचावर काचेचा स्मरणकक्ष, समोरची बाजू उघडी, आत माइक. पेटीची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून मी कक्षाला लागून उभी होते. पहिल्या रांगेत मृतांच्या नातेवाइकांना बसवलं होतं. तिथे आय होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

वैतीशेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आला. मला पाहून त्याने हात जोडले. "डॉक्टर, तुमच्या पेटीने आमच्यावर उपकारच केले," तो हळूच म्हणाला. मी बटण दाबलं.

आधी अमोनिया आला. त्याने तयारी करून ठेवली होती. रुमाल काढला, डोळ्यांना लावला, आणि माइकवर भरल्या गळ्याने म्हणाला, "मला माझ्या नऊ बहिणी आठवल्या. त्यांच्या..."

वाक्य तिथेच थांबलं. मागून नारळ आला होता.

त्याने जीभ तोंडात फिरवली. गालाच्या आत काही अडकलं असावं तसा त्याचा जबडा हलला, आणि त्याने थू केलं. तोंडात काहीच नव्हतं. त्याने उजवा तळहात धोतरावर पुसला, पुन्हा पुसला, आणि धडपडत कक्षाच्या बाहेर आला.

निवडणूक निर्णय अधिकारी पुढे धावले. "साहेब, अमोनियाचा त्रास झाला का? कमी करता येतो का विचारू?"

"अमोनिया राहू दे!" तो ओरडला. माइक चालू होता. "तो नारळ काढा आधी. नारळ काढा, मग घेतो मी."

मंडपात लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्याच्या हातात वीस वर्षं बंदराचा नारळ होता, त्याला नारळ नको होता? अमोनिया चालत होता आणि करंजी सोसत नव्हती? मला काहीतरी कळायला लागलं होतं, पण माझ्याआधी पहिल्या रांगेतून आय उठली. मंचाच्या पायऱ्या चढून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हरेश्वर," ती म्हणाली, "करंजी गरम व्हती ना रे?"

तो मागे सरकला.

"मीच ठेवली तुझ्या हातावर. मिरवणूक देवळाशी, आन् तू एकटाच आमच्या गल्लीत. सगली लोकं नारळ बघायला गेलती, मी तेवढी चुलीपाशी. आमची गल्ली जेट्टीला नाय जात. ती कारखान्याच्या फाटकाला जातं." तिचा आवाज चढला नाही. "एवढी वर्सं मी ते इसरले व्हते. पोरीच्या पेटीनं आठवलं, तवा वाटलं, बरा मानूस, माजी करंजी खाल्ली. आज कललं कुठं खाल्लीस ती."

"काकी, तुमचं वय झालं, तुमचा गोंधळ..."

"तू इचारलंस, हेमू कुठं हाय. मी म्हनले, तुमच्याच शेडमधी. ती आत हाय ह्ये मीच सांगितलं तुना. मग तू तिकडं गेलास, तोंडात माजी करंजी, आन् कुलूप नको काढू म्हनालास."

मतदानाच्या दिवशी मी तोडलेलं वाक्य ते हे होतं. वारेखाडीच्या बायका ओरडायला लागल्या. कोणीतरी खुर्ची आपटली. वैतीने मंडपभर नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं.

निर्णय अधिकाऱ्यांनी कायद्याची प्रत उघडून वाचलं. "कलम अकराप्रमाणे निवडून आलेल्याने पूर्ण गंध घेऊन काय आठवलं ते सांगणं आवश्यक आहे. नकार दिल्यास जागा रिकामी झाल्याचं मी आत्ता इथेच जाहीर करीन."

निघून जायला पायऱ्या मोकळ्या होत्या. तो गेला नाही. त्या खुर्चीसाठी त्याने नऊ बायांवर कुलूप ठेवलं होतं, ती अशी सोडवते थोडीच? माझ्याजवळ येऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "रेवती, पोरी, नारळाशिवाय दे. तुझ्या हातात आहे ते. काय पाहिजे ते माग."

"पूर्ण गंध, शेठ," मी म्हणाले. "तुमच्या माणसाची सही आहे."

आयने माझ्याकडे पाहिलं. केंद्राबाहेर मी तिला जे बोलले होते ते आमच्या दोघींमध्ये होतंच, ते काही इतक्यात जाणार नव्हतं. तरी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पेटीवर हात ठेवून.

"लाव परत," ती म्हणाली.

वैती कक्षात शिरला. मी बटण दाबलं. अमोनिया येऊन गेला आणि त्याने रुमालाने नाक गच्च दाबून धरलं. पण तोंडाने घेतलेला श्वाससुद्धा घशामागून नाकात चढतो, हे कायद्याच्या टिपणात मीच लिहिलेलं होतं. माइक चालू होता. त्याचा जबडा हलायला लागला. मी आणि आय बघत उभ्या राहिलो. आम्हाला कसलीच घाई नव्हती.